मीटरच्या पुढचं वायरिंग: जुन्या सोसायटीची विद्युत तपासणी कशी करून घ्यावी

महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या सोसायट्यांमध्ये वायरिंगची शेवटची रीतसर चाचणी झाली ती इमारतीला पहिलं कनेक्शन मिळालं तेव्हा. त्यानंतर घराघरात एसी आले, गिझर आले, इंडक्शन शेगड्या आल्या, आता खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होते आहे. भिंतीतली वायर मात्र तीच आहे. आपण गृहीत धरतो की कोणीतरी हे बघत असणार: वीज कंपनी, नाहीतर महापालिका, नाहीतर सरकार. मीटरच्या पुढचं वायरिंग बघायला यांपैकी कोणीही आपणहून येत नाही. तपासणी सोसायटीलाच करून घ्यावी लागते. ती कशी करून घ्यायची ते इथे क्रमाने सांगतो.

आधी कोणाची जबाबदारी कुठपर्यंत

वीज कंपनीची हद्द मीटरपाशी संपते. मुंबई शहरात ही कंपनी म्हणजे बेस्ट, जी १९४७ पासून महापालिकेचाच उपक्रम आहे. उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंड भागात आणि उर्वरित राज्यात प्रामुख्याने महावितरण. गोव्यात तर सरकारचं वीज खातंच पुरवठा करतं. पुरवठादार कोणीही असो, नवीन कनेक्शन देताना तो अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतो. त्या कागदाच्या आधारावर मीटर बसतो आणि फाइल बंद होते. मीटरपासून फ्लॅटपर्यंत जाणारी वायर, म्हणजे रायझर, आणि फ्लॅटमधलं सगळं वायरिंग ग्राहकाचं असतं.

महापालिका इमारतीकडे प्रामुख्याने दोन बाजूंनी बघते. एक अग्निशमन दलाकडून. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांना दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घेऊन सादर करावा लागतो. पण फॉर्म बी म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे याचं प्रमाणपत्र. पंप, होज, हायड्रंट, अलार्म यांचा तो विषय. तुमच्या स्वयंपाकघरातल्या वायरला त्यासाठी कोणी मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावत नाही. दुसरी बाजू बांधकामाची. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. तेही खांब, तुळया आणि स्लॅबचं. अनेक समित्या ‘आमचं ऑडिट झालंय’ असं निर्धास्तपणे सांगतात तेव्हा त्यांच्या हातात हा अहवाल असतो. त्याचा विजेशी संबंध नाही.

तिसरे विद्युत निरीक्षक. ते राज्य शासनाचे अधिकारी, विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६२ खाली नेमलेले. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला वीज देण्याआधी निरीक्षकांची तपासणी हा नियम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी तो कायम ठेवला. २०१० च्या विनियमांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. चालू जोडण्यांची जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासणी व्हावी ही अपेक्षा यात आहे. मात्र शासनाने ठरवून दिलेल्या व्होल्टेजपर्यंतच्या जोडण्या मालकाने स्वतः तपासून घेऊन तसं प्रमाणित करायचं आहे. म्हणजे कायद्याने चेंडू मालकाकडेच टोलवलेला आहे, आणि सोसायटीत सामाईक भागाची मालक सोसायटी, फ्लॅटमधल्या भागाचा मालक सभासद.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांचं अग्नी आणि विद्युत परीक्षण करण्याचे आदेश निघाले. निवासी सोसायट्यांनी अशा आदेशाची वाट बघू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

कागद गोळा करा

सेक्रेटरींनी एक फाइल उघडावी. तिच्यात भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, शेवटचे दोन फॉर्म बी, लिफ्टचा परवाना (त्याचा कायदा वेगळा आहे, २०१७ चा), जनरेटर किंवा सोलर असेल तर त्याचे कागद, आणि आजवर केलेल्या विजेच्या कामांची बिलं. बिल्डरने दिलेला वायरिंगचा नकाशा बहुतेक ठिकाणी सापडत नाही. न सापडल्यास अडून राहू नका, तपासणीच्या कामातच नवीन सिंगल लाइन डायग्राम (सगळ्या जोडण्या एकेका रेषेने दाखवणारा नकाशा) काढून द्यायची अट घाला.

प्रत्येक सभासदाकडून ताज्या वीजबिलाची प्रत घ्या. बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो आणि प्रत्यक्ष घरातली उपकरणं यांचा मेळ घातला की निम्मं चित्र उघड होतं. एक हिशोब करून बघा. दीड टनाचे दोन एसी, प्रत्येकी अंदाजे १.७ किलोवॅट. गिझर २ किलोवॅट, इंडक्शन २ किलोवॅट. एवढंच एका वेळी चाललं तर ७.४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३२ अँपिअर. चाळीस वर्षांपूर्वी याच फ्लॅटमध्ये चार ट्यूबलाइट, तीन पंखे, एक फ्रिज आणि एक टीव्ही होता. त्या काळच्या चार चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम रायझरवर आज आपण काय लादलं आहे ते या आकड्यावरून कळतं.

सोबत एक साधा फॉर्म घरोघरी द्या. एसी किती, गिझर किती लिटरचा, इन्व्हर्टर आहे का, वायरिंग कधी बदललं, आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडतो का, नळाला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, दिवे मध्येच मंद किंवा अचानक प्रखर होतात का. घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा तसं यंत्र वापरतं का, हेही विचारा. तपासणीच्या दिवशी वीज बंद ठेवावी लागणार असते. शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं तपासनिसाला पहिल्याच भेटीत द्या.

स्वतः एक फेरी मारा, काहीही न उघडता

समितीतल्या दोघा-तिघांनी टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन तळापासून गच्चीपर्यंत चालत जावं. कुठलंही झाकण उघडायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही. डोळे, कान आणि नाक पुरेसे आहेत.

मीटर रूमपासून सुरुवात करा, कारण तिथे सगळ्या घरांचा विद्युतप्रवाह एकत्र येतो. आणि नेमक्या याच खोलीत सोसायट्या जुने दरवाजे, रंगाचे डबे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, सफाईच्या झाडू-बादल्या ठेवतात. ते सामान त्याच दिवशी बाहेर काढा, यासाठी कोणाच्या अहवालाची गरज नाही. भिंतीला ओल आहे का, वरून ड्रेनेजचा पाइप गेला आहे का, पावसाळ्यात पाणी किती उंचीपर्यंत येतं, ते बघा. जळकट किंवा मासळीसारखा वास हा तापलेल्या प्लास्टिकचा असू शकतो. कटआउट (पुरवठ्याच्या बाजूचा फ्यूजचा डबा) किंवा मेन स्विचची कड काळवंडलेली किंवा वितळलेली असेल, एखाद्या पॅनलमधून चरचर ऐकू येत असेल, तर फेरी तिथेच थांबवा. पुरवठ्याच्या बाजूला असेल तर वीज कंपनीला आणि आपल्या बाजूला असेल तर ठेकेदाराला लगेच बोलवा. किटकॅट फ्यूजमध्ये (जुन्या, चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूज वायरऐवजी तांब्याच्या जाड तारेचा पीळ घातलेला दिसला तर समजा की त्या घराला संरक्षण नाही. ती तार वितळणार नाही, भिंतीतली वायर आधी वितळेल.

मग जिन्यातल्या डक्टकडे जा. विजेच्या केबल्सच्या डक्टमध्ये दुसऱ्या कसल्याही सेवेचे पाइप नसावेत आणि प्रत्येक मजल्याच्या छेदापाशी आगरोधक अडथळा असावा, हे उंच इमारतींसाठी विनियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तळापासून गच्चीपर्यंत सरळ धुराडं असतं आणि त्यात ब्रॉडबँडवाल्यांनी वायरींची जाळी सोडलेली असते. तळमजल्यावर पेटलेल्या ठिणगीचा धूर या धुराड्यातून वरच्या घरांमध्ये पोचतो. उंची पंधरा मीटरच्या आत असली तरी हे छेद भरून घ्यावेत असं मी म्हणेन.

अर्थिंगची पट्टी मीटर रूममधून बाहेर जाताना दिसते का, ती कोणी शू रॅक बसवताना कापलेली तर नाही, अर्थ पिटवर (अर्थिंग जमिनीत पुरलेल्या खड्ड्यावर) पेव्हर ब्लॉक घातले गेले आहेत का, ते नोंदवा. पाण्याच्या पंपाचं पॅनल, गच्चीवरचे दिवे, बागेतल्या दिव्यांच्या उघड्या जोडण्या, पार्किंगमधलं प्लग पॉइंट. प्रत्येक जागेचा फोटो, तारीख आणि जागेचं नाव लिहून ठेवा.

माणूस कोण निवडायचा

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असं सुटं बदलणं सोडून विजेच्या मांडणीचं कोणतंही काम, म्हणजे वाढ, फेरबदल, दुरुस्ती, हे राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदारानेच करायचं असतं. तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून. हा नियम इमारतीच्या उंचीवर अवलंबून नाही. नाक्यावरचा ओळखीचा इलेक्ट्रिशियन कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे हा कागद नसेल तर त्याचं काम नियमात बसत नाही, आणि उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळे ठेवा. या एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करणार नाही. जो दुरुस्तीचं काम मिळवणार आहे त्यानेच अहवाल लिहिला तर तो एकतर सगळंच बदलायला सांगतो किंवा त्याला न जमणारं काम अहवालातून गाळतो. तपासणीसाठी विद्युत सल्लागार अभियंता किंवा शासनाने अधिकृत केलेला विद्युत सुरक्षा चार्टर्ड अभियंता घ्या. त्याला पुढच्या दुरुस्तीत भाग घेता येणार नाही, हे पत्रात आधीच लिहा.

बोलणी करताना चार कागद मागा: अनुज्ञप्ती किंवा अधिकृततेची प्रत आणि तिची मुदत, चाचणी उपकरणांचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, नावं झाकून आधीच्या एका सोसायटीचा अहवाल, आणि जागेवर प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव. तिसरा कागद सगळ्यात बोलका असतो. त्यात आकडे असतील तर माणूस मोजतो. ‘समाधानकारक’, ‘ठीक’ एवढेच शेरे असतील तर तो फक्त बघून जातो.

कार्यादेशात काय लिहायचं

‘विद्युत ऑडिट करून द्यावे’ एवढ्या एका ओळीवर काम दिलं की हातात दहा फोटो आणि एक बिल येतं. पत्रात कामाची यादी घाला:

१. मीटर रूम, रायझर, डक्ट, पंप, लिफ्टचा पुरवठा, गच्ची आणि प्रत्येक फ्लॅटच्या वितरण बोर्डाची डोळ्यांनी पाहणी, फोटोसह.
२. इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी, प्रत्येक रायझरची आणि प्रत्येक फ्लॅटची, आकड्यांसह.
३. प्रत्येक अर्थ पिटचा रोध आणि फ्लॅटमधल्या सॉकेटपर्यंत अर्थची सलगता.
४. आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडतो त्याची उपकरणाने चाचणी.
५. सॉकेटमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ जागच्या जागी आहेत का.
६. संध्याकाळच्या भारावर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा प्रवाह, आणि थर्मल कॅमेऱ्याने जोडण्यांचं तापमान.
७. सिंगल लाइन डायग्राम, आणि दोषांची तातडीनुसार विभागणी.

हे सगळं का मागायचं ते समितीला कळलं पाहिजे, नाहीतर घासाघीस करताना यातल्याच कामाच्या गोष्टी आधी कापल्या जातात.

इन्सुलेशनची चाचणी मेगरने होते. वायरमध्ये ५०० व्होल्ट डीसी सोडून तिच्यावरचं प्लास्टिक किती प्रवाह गळू देतं ते मोजतात. किमान १ मेगाओहम हवा. चांगल्या वायरिंगमध्ये हा आकडा याच्या कित्येक पट येतो, म्हणून एखाद्या घरात दीड-दोन आला तर ‘पास’ म्हणून सोडून देऊ नका. शेजारच्या घरांशी तुलना करा. बाकी सगळीकडे शंभराच्या वर आणि एका घरात दोन, तर तिथे ओल आहे किंवा वायर भाजलेली आहे.

अर्थिंगची मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यात ओल्या जमिनीत कोणताही अर्थ पिट उत्तम आकडा देतो. कोरड्या जमिनीत तो किती देतो यावर भरवसा ठेवायचा. साधारण पाच ओहमच्या आत असावा असं बहुतेक अभियंते धरून चालतात. त्यामागचं गणित असं. गिझरच्या पत्र्याला फेज लागला आणि अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील आणि १६ अँपिअरचा एमसीबी साधारण मिनिटभराच्या आत पडेल. रोध १०० ओहम असेल तर फक्त २.३ अँपिअर जातील. हा प्रवाह एमसीबीला पंख्या-फ्रिजसारखाच वाटतो. तो कधीच पडणार नाही आणि गिझरचा पत्रा जिवंत राहील. पण तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो दोन्ही वेळा झटकन तोडतो. म्हणून घराच्या संरक्षणात अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, आणि दोन्ही मोजून बघायला हवेत. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून तो पडतो एवढंच कळतं. उपकरणाने मोजल्यावर कळतं की तो त्याच्या नेमून दिलेल्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो की नाही.

थर्मल कॅमेऱ्याचं काम सकाळी अकराला उरकू देऊ नका. तेव्हा इमारतीवर भारच नसतो आणि सगळं थंडच दिसतं. उन्हाळ्याच्या रात्री, एसी चालू असताना फोटो घ्यायला सांगा. विजेच्या आगींचं खापर बातमीत शॉर्टसर्किटवर फुटतं, पण कितीतरी वेळा सुरुवात सैल जोडणीतून झालेली असते. स्क्रू ढिला, लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) नीट न दाबलेला, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांना पिळलेलं. जोडणी तापते, गंजते, आणखी तापते. कॅमेऱ्यात तिन्ही फेजच्या शेजारी-शेजारी जोडण्या बघायच्या. दोन सारख्या आणि तिसरी बरीच गरम, तर दोष त्या तिसरीत.

न्यूट्रलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण समित्यांना हा धोका सहसा माहीत नसतो. इमारतीत तीन फेज येतात आणि घरं त्यांत वाटलेली असतात. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट. मीटर रूममध्ये हा सामाईक न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर दोन वेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सलग जोडली जातात आणि त्यांच्यावर मिळून ४०० व्होल्ट येतात. ज्या घरात गिझर चालू आहे तिथे व्होल्टेज घसरतं, आणि ज्या घरात फक्त एक दिवा आणि टीव्ही चालू आहे तिथे ते तीनशेच्या वर जाऊ शकतं. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह फार नसतो. टीव्ही, फ्रिज, राउटर एकाच रात्री अनेक घरांत जळतात आणि पेटूही शकतात. शेजारच्या घरात दिवे मंद होताना आपल्याकडचे प्रखर झाले तर मेन स्विच बंद करून ताबडतोब वीज कंपनीला कळवा. तपासणीत न्यूट्रलची प्रत्येक जोडणी उघडून घट्ट करून घ्या. मेन स्विचमध्ये न्यूट्रलवर फ्यूज बसवलेला आढळला तर तो काढून सलग लिंक लावायला सांगा.

तपासणीचा दिवस

किमान आठ दिवस आधी सूचनाफलकावर आणि घरोघरी लेखी नोटीस द्या. मजल्यानुसार वेळा लिहा. फ्लॅटची पाहणी करण्यासाठी पूर्वसूचना देऊन प्रवेश मागण्याचा अधिकार आदर्श उपविधींमध्ये समितीला आहे. तरी बळजबरीपेक्षा एखाद्या ज्येष्ठ सभासदाने दार वाजवणं जास्त उपयोगी पडतं. तरीही कोणी नकार दिला तर तो नकार लेखी घ्या आणि त्या घराच्या रायझरची चाचणी मीटर रूममधूनच करून घ्या.

मेगर लावण्याआधी घरातली सगळी उपकरणं प्लगमधून काढलेली हवीत. ५०० व्होल्टने टीव्ही, राउटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर खराब होऊ शकतात. आणि इन्व्हर्टर! मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टर घरातल्या वायरमध्ये वीज सोडत राहतो. तो यंत्रावरूनच बंद करून बॅटरीची जोडणी सोडवावी लागते. सोलर असेल तर तसंच. बंद केलेल्या प्रत्येक स्विचला ‘काम चालू आहे’ची पाटी आणि कुलूप लावा, किल्ली पर्यवेक्षकाच्या खिशात. लिफ्ट रिकामी करून तळमजल्यावर आणून मगच बंद करा.

मीटर आणि कटआउटचं सील कोणीही तोडायचं नाही, ठेकेदारानेही नाही. त्या बाजूला दोष दिसला तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक अहवालाला जोडा.

अहवाल हातात आल्यावर

दोषांची तीन भागांत वाटणी करा. पहिला भाग आजचा: तापलेल्या जोडण्या, उघडे जिवंत भाग, तुटलेली अर्थ पट्टी, फ्यूजमधली जाड तार. यासाठी सभेची वाट बघू नये. दुसरा भाग येत्या पावसाळ्याआधीचा: रायझर बदलणं, आरसीसीबी, अर्थ पिट, डक्टमधले छेद भरणं. तिसरा भाग येत्या वर्षभराचा: फ्लॅटमधलं जुनं वायरिंग बदलणं, भारवाढीचे अर्ज.

पैशाचा प्रश्न इथे येतो. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के गोळा करायचा असतो. जुन्या इमारतीचा मूळ बांधकाम खर्च इतका कमी असतो की ही रक्कम पुरत नाही. सामाईक कामाचा खर्च सर्वसाधारण सभेत ठराव करून वाटून घ्या. रायझर प्रत्येकाचा स्वतंत्र असला तरी सगळ्यांचे एकदम बदलणंच शहाणपणाचं आहे. एकट्या-दुकट्याने बदलल्यावर डक्टमध्ये जुन्या आणि नव्या वायरींचा गुंता होतो आणि पुढच्या तपासणीत कोणती वायर कोणाची तेच कळत नाही.

दुरुस्तीत कशावर लक्ष ठेवायचं

वायर आणि एमसीबी यांची जोडी जुळली पाहिजे. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला ६ किंवा १० अँपिअर, अडीचच्या वायरला १६, चारच्या वायरला २० ते २५. एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवणारा इलेक्ट्रिशियन तुमच्या घरात आग पेरून जातो. एमसीबी वायरच्या बचावासाठी असतो. तो पडत असेल तर भार कमी करा किंवा वायर वाढवा. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नको, पॉवरच्या सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत, हा जुना दंडक अजूनही उत्तम आहे. गिझर आणि प्रत्येक एसीला बोर्डापासून स्वतंत्र सर्किट.

रंग पाळायला लावा: फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा किंवा हिरवा-पिवळा. उरलेली कोणतीही वायर अर्थ म्हणून वापरली की पुढच्या तारतंत्र्याच्या जिवाशी खेळ होतो.

सामान आयएसआय चिन्हाचंच घ्या, आणि चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. उत्पादकाचं नाव आणि वस्तू जुळली तरच माल उतरवून घ्या. वायरचं बंडल साइटवर, समितीच्या माणसासमोर उघडायला सांगा.

इलेक्ट्रिक वाहनाचं चार्जिंग घराच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालू देऊ नका. सभासदाच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपातून स्वतंत्र वायर, तिला स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी, आणि आधी मंजूर भार वाढवून घेतलेला. मांडवाच्या दिव्यांनाही हेच. गणपतीत किंवा लग्नात मीटर रूममधून थेट आकडा टाकण्यापेक्षा वीज कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या.

काम संपल्यावर ठेकेदाराकडून स्वाक्षरीचा टेस्ट रिपोर्ट घ्या आणि आधीच्याच तपासनिसाकडून दुरुस्त केलेल्या भागांची पुन्हा मोजणी करून घ्या. मगच शेवटचा हप्ता द्या. इमारत पंधरा मीटरपेक्षा उंच असेल आणि मांडणीत मोठा बदल केला असेल, तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात नकाशा आणि टेस्ट रिपोर्ट घेऊन जा आणि कोणती परवानगी लागते ते लेखी विचारा.

नोंदवही आणि अपघाताची वेळ

मीटर रूमबाहेर एक वही ठेवा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक घराने आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्याची नोंद, दर उन्हाळ्यात अर्थ पिटचा आकडा, दरवर्षी एकदा थर्मल कॅमेरा, आणि पाच वर्षांच्या आत पूर्ण तपासणी. आकडे एकाखाली एक लिहिले की घसरण दिसते. एखाद्या पिटचा रोध दरवर्षी वाढत असेल तर तो निकामी व्हायच्या आधीच कळतं.

एवढं करूनही कोणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्या व्यक्तीला हात लावा. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने तिला दूर करा. १०८ ला फोन करा. वीज कंपनीला लगेच कळवा. विजेच्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकांना देण्याची तरतूद विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये आहे. जखमी किंवा मृत व्यक्ती कामगार असो, घरकाम करणाऱ्या ताई असोत की सभासद, ही सूचना टाळू नका. निरीक्षक येईपर्यंत जळालेली वायर, उपकरण, बोर्ड काहीही हलवू नका, स्वच्छ करू नका. फोटो काढा, जागा बंद ठेवा, आणि तपासणीची फाइल व नोंदवही निरीक्षकांच्या हाती द्या.